बिनआवाजाची बडबड

दि. ३ फेब्रुवारी

तीर्थरूप दादास,
सा. न. वि. वि.

इकडे सर्व ठीक, असं पद्धत म्हणून लिहिलं. सोमवारी कापडगिरणीच्या फाटकाला कायमचं कुलूप लागलं. सगळे माग थांबले आणि सगळे विणकर घरी आले, त्यात तुझे मेहुणेही. सव्वीस वर्षांत हे दिवसाउजेडी इतके घरात कधी बसले नव्हते. मला वाटलं, चला, निदान चार शब्द बोलू. कसलं काय! एक भयंकर गोष्ट उघडकीला आलीय.

माझी सवय तुला ठाऊक आहे. राग आला की मी आवाज न काढता नुसते ओठ हलवून बडबडते. आईसमोर हीच युक्ती चालायची. परवा यांनी तिसऱ्यांदा चहा मागितला. मी ओट्याशी उभी राहून ओठांतच म्हटलं, की आता चहानेच आंघोळ करा. तर हे शांतपणे म्हणाले, आंघोळ झालीय, प्यायलाच दे. दादा, माझ्या हातातली गाळणी पडली.

यांचं म्हणणं, मागांच्या खडखडाटात कानात ओरडलं तरी ऐकू येत नाही, म्हणून तिथे सगळे एकमेकांचे ओठ बघूनच बोलणं ओळखतात. म्हणजे लग्नापासून मी जे जे पुटपुटले ते सगळं यांना पोचलंय! तुझ्याबद्दलचं आणि वहिनीबद्दलचंही, पण ते तिला सांगू नकोस. इतकी वर्षं बोलला का नाहीत विचारलं, तर म्हणे मजा यायची. आता आमच्या गल्लीत सगळ्या बायका तोंडावर हात धरून बोलतात. परक्या माणसाला वाटेल, दातदुखीची साथ आलीय.

हसते आहे, पण आतून धास्तावलेय. घरात आहे ते फार तर मेपर्यंत पुरेल आणि कन्येचं शाळेचं शेवटचं वर्ष आहे. यांच्यासाठी तिकडे काही काम असेल तर बघ. माझ्यावरचा लोभ आहे तेवढा राहू दे, वाढला तरी हरकत नाही.

तुझी,
चिमणी


दि. १२ फेब्रुवारी

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी मोठ्याने वाचायची चूक केली, त्यामुळे वहिनीबद्दलचं वहिनीपर्यंत पोचलं. नेमकं काय पुटपुटलीस ते ती विचारतेय. मी तीन दिवस जेवण झाल्याबरोबर गच्चीवर जातोय.

कामाचं सांगतो. आमच्या गोदामात राखणदाराची जागा आहे. साहेबांशी बोललो, ते तयार आहेत. गोदामामागच्या खोलीत तिघांबरोबर राहावं लागेल, कुटुंब आणता येणार नाही आणि रजा वर्षातून दोनदा. फार चांगलं नाही हे मलाही कळतं, पण पगार वेळेवर होतो. मेहुण्यांना म्हणावं, कमीपणा मानू नका, मीही इथे गोण्या उचलतच वर आलो. तुमचं सगळं मार्गी लागेपर्यंत मला चैन पडणार नाही.

तुझा,
दादा


दि. २४ फेब्रुवारी

तीर्थरूप दादास,
सा. न. वि. वि.

तू सांगितलेली जागा घ्यायचं ठरलं. आधी इथे एका मोठ्या दुकानात यांनी प्रयत्न करून पाहिला. हे बाहेर बाकावर आणि मालक काचेच्या केबिनमध्ये. मालक आत कारकुनाला म्हणाले, की माणूस म्हातारा वाटतो, पण तोंडावर सांगू नका. हे बाहेरून ओरडले, की खुशाल सांगा, एकोणपन्नासच आहे! मालक असे दचकले की पुढे वयाचा काय, कशाचाच विषय निघाला नाही.

तेव्हा एक तारखेच्या सकाळच्या बसने यांना पाठवते. ट्रंक भरून झाली. बरंच झालं म्हणायचं, ओटा मोकळा राहील आणि मला पूर्वीसारखं मनसोक्त पुटपुटता येईल. स्टँडवर घ्यायला ये, यांना शहरात दिशा कळत नाहीत. वहिनीला म्हणावं, मी तिच्या पोळ्यांबद्दल पुटपुटले होते, तिच्याबद्दल नाही. दोघांनीही माया पातळ करू नये.

चिमणी


दि. २ मार्च

चि. चिमणीस,
आशीर्वाद आहेत, पण सध्या जरा रागातले.

काल मी स्टँडवर साडेतीन तास उभा होतो. बस आली, रिकामी झाली, मेहुण्यांचा पत्ता नाही. त्यांच्याऐवजी त्यांची ट्रंक तेवढी आली. कंडक्टर म्हणाला, की एक गृहस्थ बस सुटता सुटता उडी मारून उतरले. ट्रंक घरी आणताना माझा खांदा गेला. साहेबांना काय सांगू, राखणदाराऐवजी ट्रंक चालेल का? ताबडतोब खुलासा कर. तुम्ही दोघं भांडलात का? मला काळजी लागलीय.

दादा


दि. ७ मार्च

तीर्थरूप दादास,
सा. न. वि. वि., आणि खांद्याबद्दल माफी.

भांडण नाही. मी बसखाली उभी होते, हे खिडकीत. मी तोंडातून अवाक्षरही काढलं नाही, हसून हातसुद्धा हलवला. बस निघाली आणि हे धावत दाराकडे आले. मग ट्रंकेची चौकशी करायला आम्ही तिकीटखिडकीवर गेलो. तिथे नवीन जाड काच बसवलीय. आतला कारकून काय म्हणतो ते रांगेला कळेना आणि रांगेचं त्याला कळेना. हे बाजूच्या उघड्या दारात उभे राहून दोन्हीकडचे ओठ बघत इकडचं तिकडे सांगत बसले, तासाभरात सगळी रांग संपली! स्टँडच्या साहेबांनी दुसऱ्या दिवसापासून यांनाच त्या दारात बसवलं. सध्या तीन महिन्यांसाठी, गिरणीच्या निम्म्या पगारावर. उरलेल्या निम्म्यासाठी मी शिवणयंत्र बाहेर काढलंय. निभेल कसंतरी, पण निभेल इथेच.

ट्रंक सवडीने पाठव, यांचे दोन्ही बरे सदरे तिच्यात आहेत. हे बसमधून का उतरले ते मला विचारू नकोस. मी खरंच काही बोलले नव्हते. यांच्यासाठी खाली जागा सोडते. रागातले असले तरी आशीर्वाद पाठवत जा.

तुझी,
चिमणी

ता. क. दादा, सप्रेम नमस्कार. हिने लिहिलंय ते खरं आहे, आवाज अजिबात काढला नाही. पण बसची काच मी बाहीने पुसून घेतली होती, त्यामुळे स्वच्छ दिसलं. हात हलवता हलवता ही तीनदा म्हणाली, की आता माझं ऐकणार कोण.