एकरकमी मुक्ती

सोमवार, ३ मार्च

आज पुन्हा वसुलीबाई. दुकानाचे कुलूप अजून हातात, तोच दूरध्वनी — "काका, मग काय ठरवलंत?"

काका! शहरातली निम्मी मानपत्रे ज्याच्या लेखणीतून उतरली, त्या बावन्न वर्षांच्या गृहस्थास ही पदवी. हप्ते थकले म्हणून आप्तसंबंध जोडण्याचा अधिकार कर्जकंपनीला कोणत्या कलमान्वये प्राप्त होतो, हे एकदा विचारले पाहिजे.

वस्तुस्थिती नमूद करून ठेवतो, कारण माझ्याशिवाय ती कोणी सहानुभूतीने लिहिणार नाही. चषक आणि ढालींवर अक्षरे कोरण्याचे यंत्र कर्जाने घेतले. एका क्रीडामंडळाने प्रचंड मागणी नोंदवली होती, त्या भरवशावर. स्पर्धा रद्द झाली, मंडळ अंतर्धान पावले, माल मात्र माझ्या चरणी स्थिरावला. दुकानात सध्या 'प्रथम क्रमांक' इतके आहेत की हरायला माणूस मिळणे कठीण. मंडळाकडून येणे शून्य. कंपनीचे देणे, व्याज आणि दंड धरून — चार लाख.

आणि जामीनदार भाऊजी. ताईचे यजमान, पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त. जामिनापोटी त्यांची मुदतठेव कंपनीकडे अडकली आहे. सही करताना एवढेच म्हणाले होते, "आमच्या म्हातारपणाची आहे रे ती. सांभाळ."

त्यांना यातले अक्षरही कळता कामा नये. इतर सर्व विषय गौण.

मंगळवार, ४ मार्च

गृहस्वामिनीचे मत — "अहो, तिच्याशी इतकं शुद्ध बोलू नका. तिला वाटतं, ह्यांच्याकडे पैसे आहेत."

विचारार्ह.

शुक्रवार, ७ मार्च

कंपनीच्या कार्यालयात प्रत्यक्ष उपस्थिती. तीन खुर्च्या एकाच दांड्याला जोडलेल्या. एक ऋणको हलला की उरलेले दोघे हलतात. समदुःखितांची इतकी एकात्मता अन्यत्र पाहिली नाही.

वसुलीबाई प्रथमच दिसल्या. वय फार तर सव्वीस, घसा बसलेला, गालात खोकल्याची गोळी. दिवसभर माझ्यासारख्यांशी बोलून बसला असणार. क्षणमात्र करुणा उत्पन्न झाली. तिचे तत्काळ दमन केले.

मी निवेदन पाठ करून गेलो होतो. 'सांप्रतच्या प्रतिकूल परिस्थितीचा साकल्याने विचार करता' इथवर पोहोचलो, तेव्हा त्या म्हणाल्या, "काका, तुम्ही बोलता छान. आकडा सांगा."

एक लाख, म्हणालो. एकरकमी, आणि प्रकरण कायमचे मिटवून. त्यांनी अडीच सांगितले. मी दुकानाची अवस्था वर्णिली, त्यांनी साहेबांची — साहेब अडीचच्या खाली ऐकतच नाहीत. साहेब म्हणजे धुरकट काचेपलीकडची एक आकृती. आकृती काहीतरी खात होती. माझे भवितव्य चर्वणाधीन.

अख्खी सकाळ गेली. निष्पत्ती — अडीच.

शनिवार, ८ मार्च

भाऊजींचा फोन. पडद्यावर नाव पाहून वाटले, बातमी पोहोचली. निघाले भलतेच — त्यांच्या इमारतीचा पहारेकरी निवृत्त होतोय, त्याला मानपत्र द्यायचे आहे. "चार ओळी चांगल्या लिही. आणि पैसे घे हं. फुकट करणार असशील तर दुसरीकडून करवून घेईन."

चार ओळींना दुपार लागली. 'प्रामाणिक' हा शब्द दोनदा लिहिला, दोनदा खोडला. पहारेकऱ्याचा त्यात काही दोष नव्हता.

बुधवार, १२ मार्च

दुकानातून कंपनीला दूरध्वनी लावला, तर आज दुसराच कोणी. ह्याला माझे प्रकरण अज्ञात. पहिल्यापासून सांगा म्हणाला. सांगितले. ऐकून घेऊन म्हणाला, हे त्या बाईंकडे आहे. बाई? रजेवर. केव्हा येतील? सांगता येत नाही. मग आपण माझ्यासाठी नेमके काय करू शकता?

"जामीनदाराला कळवू शकतो."

इथे संयम संपला. ओरडलो. संस्कृतप्रचुर मुळीच नव्हे — अस्सल रस्त्यावरचे. शेजारचा शिंपी मापाची फीत गळ्यात तशीच ठेवून डोकावून गेला, आणि मी दिसल्यावर विश्वास न बसून पुन्हा डोकावला.

शुक्रवार, १४ मार्च

बाई परतल्या. घसा सुधारला, भूमिका नाही. दोन लाख, म्हणाल्या. मी एक वीस. त्या एक नव्वद. मी एक तीस. मग अचानक — "काका, खरं सांगा, किती जमतील?"

इतक्या सरळ प्रश्नाची सवय उरली नव्हती. घरी विचारून सांगतो म्हणालो.

शनिवार, १५ मार्च

माल भंगारात काढला. भंगारवाल्याने विजय वजनावर घेतला. पितळ असेल या आशेने त्याने एक चषक नखाने खरवडला आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिले, की मीच ओशाळलो. मुलामा. तीनशे झळाळती यशे टेम्पोत ओतताना जो आवाज झाला, तसा टाळ्यांचा कडकडाट माझ्या वाट्याला पूर्वी आला नव्हता.

गृहस्वामिनीने कपाटातून स्वतःची शिल्लक काढून पुढ्यात ठेवली. "उसने आहेत. भाषण करू नका, ठेवून घ्या."

केले नाही. एकूण बेरीज — एक लाख साठ हजार. त्याउपर कपर्दिकही नाही.

सोमवार, १७ मार्च

एक साठ. मान्य!!

काचेपलीकडील आकृतीने मान हलवली म्हणे. दोन लाख चाळीस हजारांची सूट! परतताना एका सर्वस्वी अपरिचित इसमास नमस्कार केला. त्याने घाबरून प्रतिनमस्कार केला. घरी सर्व प्रसंग साभिनय निवेदन केला — मी मी म्हणून, बाई बाई म्हणून, साहेब पडद्याआड. गृहस्वामिनी म्हणाली, आधी कागद हातात येऊ द्या.

तिला वीररसाचे वावडेच आहे.

मंगळवार, १८ मार्च

तडजोडपत्राचा मसुदा दाखवायला बाईंनी बोलावले. भाषा भयावह. ओळीओळीत 'सदर'. सुधारणा सुचवण्याची ऊर्मी दडपून वाचत गेलो, आणि शेवटच्या परिच्छेदात अडखळलो. भाऊजींचे संपूर्ण नाव, पत्ता, आणि 'कर्जदार व जामीनदार या दोघांकडूनही कंपनीचे काही येणे राहत नाही.' त्याखाली — प्रत जामीनदारास रवाना.

प्रत! म्हणजे दोन दिवसांत टपालाने सर्व काही त्यांच्या दारात. हप्ते थकले ते, सूट मागितली ती, अर्ध्याहून कमी देऊन मेहुणा सुटला ते.

प्रत पाठवू नका, म्हणालो. त्या म्हणाल्या, पत्रात ज्याचे नाव त्याला प्रत जातेच, संगणकातून आपोआप निघते, त्यांच्या हातात नाही. तर मग नाव काढा, म्हणालो.

त्यांची बोटे कळफलकावर थबकली. "नाव काढलं की तो परिच्छेदच जाईल, काका. पत्र फक्त तुमच्यापुरतं राहील. चालेल?"

मी जोडखुर्चीत शक्य तितका ताठ बसलो — शेजारचे दोघे हलले — आणि म्हणालो, की आमच्या कुटुंबातील एका आदरणीय व्यक्तीचे नाव असल्या कागदावर असणे मला कदापि सहन होणार नाही.

"म्हणजे काढू?"

"काढा."

काढले. पत्र कितीतरी सुटसुटीत झाले. 

गुरुवार, २० मार्च

रक्कम भरली. पावती, शिक्का, पत्र. ओळीओळीतल्या 'सदर'ला उदार अंतःकरणाने क्षमा केली.

दुपारी दूरध्वनी वाजला. सवयीने मनात निवेदनाची जुळवाजुळव सुरू केली. ग्राहक होता! शाळेला वीस पदके हवी आहेत. दर मुद्दाम दोनदा सांगितला — केवळ सांगण्याच्या आनंदासाठी.

शुक्रवार, २१ मार्च

गाढ निद्रा. अन्य वृत्त नाही.

सोमवार, ७ एप्रिल

भाऊजी आले होते. स्टुलावर बसले, पाणी प्यायले. कंपनीने उरलेले दोन लाख चाळीस हजार त्यांच्या ठेवीतून वळते करून घेतले. माझी ती सूट. मी त्यांच्यासमोरच बाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, मी विचारलं होतं, काका.

भाऊजी तिथे आधीच जाऊन आले होते. "माझं नाव होतं म्हणे कागदावर. तू काढायला लावलंस?" हो म्हणालो. पुढे वाक्य जुळेना. त्यांनी पेला खाली ठेवला. मग — "ताईला कळू देऊ नकोस."

दरमहा परत करायचे ठरले. ते म्हणाले, दोन हजार दे. मी पाच. ते अडीच. मी पाच. ते तीन.

पाचच्या खाली आलो नाही.