पेन्सिलींचा खोका

नोव्हाय (अमेरिका), १२ एप्रिल, रविवार

डोकं अजून तापलेलंच आहे. दुपारी केळकरकाकांकडे जेवायला गेलो होतो. काका रिटायर्ड डॉक्टर, आता सगळी कमाई शेअर्सची. श्रीखंड वाढता वाढता म्हणाले, "अरे, माझा टॅक्स रेट तुझ्या रश्मीपेक्षा कमी आहे! पगारावर जगणारे मूर्ख." सगळे हसले.

माझी मुलगी रश्मी इथल्या सरकारी शाळेत शिकवते. जाताना तिच्या गाडीत पुढच्या सीटवर पेन्सिलींचा खोका होता, तो मांडीवर घेऊनच मी बसलो. वर्गातल्या मुलांसाठी तिने स्वतःच्या पैशाने घेतला, कारण शाळेला म्हणे बजेट नाही. म्हणजे पगारातून आधी टॅक्स कापायचा आणि उरलेल्यातून पेन्सिली घ्यायच्या! मग तो टॅक्स जातो कुठे? रस्त्यांवर तर नक्कीच नाही, खड्डे मी रोज चुकवतो.

गाडीत मी कुरकुरलो, तर तिने नुसतं "इट्स ओके, बाबा" म्हटलं. कसलं ओके?

आणि मी? काकांना एका शब्दाने तरी बोललो का? उलट निघताना, बूट घालता घालता, त्यांच्या टॅक्सवाल्याचा नंबर मागून घेतला. बाहेर रश्मी मला बसायला जागा व्हावी म्हणून तो खोका मागे ठेवत होती.