हातभर लांब दांडा

सोमवार, ४ ऑक्टोबर

वारा होता म्हणे! झाडाचं पान हलत नव्हतं आणि ह्यांना वारा लागला! उतारावर मागचा ट्रेलर असा डोलायला लागला की गाडी आम्ही चालवतोय की ते चाकांवरचं घर आम्हाला चालवतंय, कळेना. शेजारून ट्रक गेला तेव्हा मी डोळेच मिटले. डिकीत माझी चाकांची खुर्ची खडखडतेय, आणि हे स्टिअरिंगला लोंबकळून — "काही नाही गं, वारा आहे."

सहा वर्षं हाच ट्रेलर ओढतोय. कधी असा नाचला नव्हता.

मंगळवार, ५

सापडलं! शिवणाची टेप घेऊन वाकले. गुडघे बोंबलले — बोंबलू देत. ट्रेलर ज्या लोखंडी गोळ्यावर अडकतो, तो गाडीच्या मागे हातभर बाहेर गेलाय. गोळ्याचा दांडाच नवा! मला न विचारता!

"कुणी केला?" — "वेल्डरने."

"कशाला?" — "बरा दिसतो."

बरा दिसतो!! दांडा आहे की झुंबर?

बुधवार, ६

काठी टेकत वेल्डरकडे गेले. "ताई, लोखंड एक नंबर. हत्ती बांधा." अरे बाबा, तुटेल असं कोण म्हणतंय! एकतीस वर्षं पोरींना फिजिक्स शिकवलं मी. कॉन्व्हेंटात सिस्टरनी मला आधी बिजागरीजवळ दार ढकलायला लावलं, मग कडीजवळ. झाला धडा! गोळा मागच्या चाकांपासून जितका लांब, तितकं ट्रेलरला गाडीचं बूड इकडेतिकडे ढकलणं सोपं. एवढंच तर आहे!

"साहेबांना विचारा," म्हणाला. चाळीस वर्षं विचारतेय साहेबांना.

गुरुवार, ७

पाण्याचे कॅन, बॅटऱ्या — सगळं ट्रेलरच्या पार मागे रचलंय! म्हणजे पुढचं नाक हलकं, गोळ्यावर भारच नाही. मग डोलेल नाही तर काय करेल?

रविवारी लेक येतेय, नातीला घेऊन. तीन वर्षांची पोर मागच्या सीटवर बसणार. स्पष्ट सांगितलं — हा दांडा असेल तर पोर गाडीत बसणार नाही.

"आता तू मला गाडी शिकवणार?"

"हो, शिकवणार!"



शुक्रवार, ८

लेकीचा फोन. "आई, तुमचं दोघांचं तुम्ही बघा. मला मध्ये घेऊ नकोस." मध्ये तुझीच पोर आहे, बाई!

शनिवार, ९

वेल्डरला घरी बोलावून जुना आखूड दांडा परत बसवून घेतला. त्याच्याकडेच पडला होता. कॅन आणि बॅटऱ्या त्यालाच पुढे सरकवायला लावल्या. हे खिडकीतून बघत राहिले.  

रविवार, १०

ट्रेलर जोडला. माझी खुर्ची ठेवायला ह्यांनी डिकीचं दार उचललं — वीतभर उघडलं आणि ट्रेलरच्या नाकावर उभ्या असलेल्या जॅकवर खाडकन आपटलं.

"म्हणून लांब केला होता," हे माझ्याकडे न बघता म्हणाले. "गुडघे गेल्यापासून कुठेही थांबलो की तू म्हणतेस, ट्रेलर सोडू नका, मला गाडीतूनच दिसतंय सगळं. ट्रेलर न सोडता डिकीचं दार उघडलं असतं, तर खुर्ची काढली असती, तू उतरली असतीस."

खुर्ची मग ट्रेलरमध्ये, अगदी नाकाशी बांधली. भार तिथेच हवा होता.

उतारावर ट्रेलर सरळ आला. नात झोपली होती.

"आज वारा नाही," हे म्हणाले.

"नाही," म्हटलं.