वितीएवढी फट

सोमवार, ३
आज कामावर आलो. घराने शंभरी ओलांडली आहे, पण व्हरांडा अजून ऐटीत. पुढच्या दाराच्या चौकटीभोवती जुन्या नक्षीपट्ट्या आहेत. किडलेल्या तुकड्यांच्या जागी हुबेहूब नवे बसवायचे. मुक्काम दाराशेजारच्या खोलीत. रविवारी ही आणि चिमी येतील. चिमीला अजून अक्षरओळख नाही, पण कुठेही गेलं तरी आईच्या आधी आत पोचणार. पट्टीचं कापलेलं टोक पाहिलं तर तिच्या कडेत बाजूने पाहिलेला माणसाचा चेहरा दिसतो: कपाळ, नाक, ओठ, हनुवटी. नाक थेट आमच्या सासऱ्यांचं.

मंगळवार, ४
नक्षीच्या आकाराचा पुठ्ठ्याचा फर्मा कापला, त्याबरहुकूम रंध्याचं पातं घासलं. चौकटीच्या डावीकडे वीतभर जागा कोरी आहे. मालकीणबाई म्हणाल्या, मागच्या मिस्त्रीने ती मुद्दाम सोडलीय, भरू नका, चौकट पुरी झाली की माणूस मागते. मी मान डोलावली. पण सुताराने फट सोडणं म्हणजे मांजराने दूध सोडणं.

बुधवार, ५
फट भरली. सांध्यात नख शिरत नाही. मालकीणबाईंनी पाहिलं. पिशवी घेतली, मागच्या दाराने गेल्या आणि बाहेरून कुलूप लावलं.

गुरुवार, ६
फर्मा नव्या पट्टीवर बसेना. पट्टीवरचं नाक बदललंय, मधे खाच पडलीय. तशी खाच माझ्या नाकावर आहे, लहानपणी रंधा लागला होता. हसण्यावारी नेलं. पण जेवण गेलं नाही.

शुक्रवार, ७
दाढी करताना आरशात पाहिलं. खाच नाही. नाकही जवळजवळ नाही, रंधा मारल्यासारखं सपाट. पटाशीने तो तुकडा उपटायला गेलो. घाव लाकडावर, रक्त माझ्या गालातून. हात दाखवून अवलक्षण. मला फार भीती वाटते आहे.

शनिवार, ८
पुढच्या उंबरठ्यापलीकडे पाऊल पडत नाही. हिला फोन केला. येऊ नकोस, एवढंच सांगायचं होतं — ओठ सुटेनात. ही म्हणाली, आवाज येत नाही, उद्या भेटूच.

रविवार, ९
उजवीकडे एक तुकडा गळून पडलाय. नवी फट. खाली, चिमीच्या तोंडाच्या उंचीवर — मोठ्या अक्षरांत लिहून वही खिडकीला धरायची —

फाटक वाजलं. ही मागे, पिशव्या काढतेय — चिमी पुढे — पण तिला वाचता —

आत येऊ न