ह्यांचा आवाज

११ जाने., रवि.
पाहुणे गेले. घरात आता मी आन् आबा, माझे सासरे. केडगावच्या कबड्डीची कॉमेंट्री करून हे घरी यायला निघाले होते. चौफुल्याच्या पुढं गाडीतच छातीत कळ आली. दवाखाना गाठेपर्यंत संपलं होतं. कधी औषधाची साधी गोळी लागली नाही ह्या माणसाला.
माईकवर एवढं बोलायचे, घरात मुके. आवाज जपायचा म्हणून. तोंडात ज्येष्ठमधाची काडी, आणि नुसतं "हं". बोलायची मीच.

१४ जाने., बुध.
संक्रांत. बाहेर पडले नाही.
दुपारी मोबाईलवर ह्यांची जुनी मॅच लावली. इतक्या वर्षांत एकही पुरती ऐकली नव्हती. धारांची वेळ आणि मॅचची वेळ एकच.
चढाईला गेलेला गडी जागीच डुलतोय, पुढं सरकेना. तर हे म्हणतात, "थांबा मंडळी, भाकरी अजून फुगायचीय." सगळं मैदान हसलं.
हे तर माझं. ताटावर बसून वाट बघायचे तेव्हा मीच म्हणायची.
दुसरी मॅच लावली. तिच्यात पण. गाईला बोललेलं, आबांना बोललेलं, सगळं तिथं.
म्हणजे ऐकत होते.
मोबाईल छातीवर ठेवून डोळा लागला. उसाच्या सरीतनं हे माईक घेऊन चाललेत, ओठ हलतायत, आवाज माझा येतोय. मागं मागं गेले. पाचट पायाखाली वाजत नव्हतं. जाग आली तर उन्हं उतरलेली.

१८ जाने., रवि.
दौंडला शोकसभा. भाषणं लांब. एक खेळाडू तेवढा थोडक्यात बोलला, "पकडलो गेलो तर भाऊ माझं नाव घ्यायचे न्हाईत. म्हणायचे, आता पुढची चढाई बघू. घरी आई ऐकत असायची." एवढंच बोलून खाली बसला.
परत येताना आबा खिडकीला डोकं टेकून. सगळा रस्ता धुक्यात असल्यासारखा. मीच अर्धी झोपेत असेन.

२२ जाने., गुरु.
संतोष आला. मॅच मोबाईलवर दाखवतो तो, त्याच्याच चॅनेलवर हे बोलायचे. चहा गार होऊ दिला. मग म्हणाला, "वहिनी, जुन्या रेकॉर्डिंगवरनं कॉम्प्युटर भाऊंचा आवाज तयार करतो. नव्या मॅचला पण चालंल. निमोण्याच्या फायनलला लावू का? तुम्ही न्हाई म्हणला तर विषय संपला."
"आन् बोलणार काय तो?"
"आपण लिहून द्यायचं."
नमुना ऐकवला. हुबेहूब.
आबा ओट्यावर पडले होते. उठून आत आले. "कवा आलास रं? हिला सांग ताट वाढाय."
संतोषनं मोबाईल उलटा ठेवला. आबांनी भिंत धरली, सावकाश खाली बसले. म्हणाले, "परत लाव."

२४ जाने., शनि.
मन घेत नाही. ह्यांच्या तोंडी दुसऱ्यानं लिहिलेलं का म्हणून? आबांना तसं सांगितलं.
"ते हे न्हाईत, आबा."
"ठाव हाय मला."
"मग?"
"मोठ्या कर्ण्यावर एकदा ऐकू दे. मैदानात. घरात कवा बोलला त्यो माझ्याशी?"


२५ जाने., रवि.
निमोण्याची फायनल आज. सकाळपासून ऊन पिवळं, पातळ. गोठ्यात काम करताना दोनदा वाटलं, मागं कोणी उभं आहे. वळून नाही बघितलं. वाटत होतं ते चांगलं होतं.
आबांनी धुतलेलं धोतर नेसलंय. टोपी घालून ओट्यावर बसलेत. मी येणार का, विचारलं नाही.
संतोष आम्हाला न्यायला येतोय. हो का नाही, ते समोरच सांगा म्हणाला. मी पण लुगडं बदललंय. फाट्यावर गाडी वळल्यासारखी वाटते. आबा उठून उभे राहिले. वही ठेवते आता.