खिरीचं वगराळं

वडगाव रासाई,
दि. २० मे २०२५

चि. महेंद्र यास,
सप्रेम जय भीम.

आम्ही दोघे बरे आहोत. भाषणांच्या नादात जेवणाची वेळ चुकवू नको. फोनवर बोललो असतो, पण फोन लावला की तुझी आई शेजारी येऊन बसते, म्हणून लिहितो. माझं शिक्षण सातवीपर्यंत, समजून घे. पाकीट नीट चिकटेल की नाही याचीही काळजी आहेच.

रविवारी शिरूरच्या सभेत आमचा सत्कार आहे, गाडी पाठवतोस, असं कळवलंस. "लोकांना माझी आई बघायची आहे," म्हणालास. तिला पांढरं पातळ नेसायला सांगा म्हणालास. त्याचं उत्तर द्यायचं आहे, पण आधी दुसरं सांगतो.

बुद्धपौर्णिमेला विहारात खीर झाली. दरवर्षी वगराळं तुझ्या आईच्या हातात असतं. सगळ्या वस्तीला वाढून झालं की शेवटी पातेलं खरवडून ती खाते. यंदा मुक्ताबाईने वगराळं तिच्या हातातून काढून घेतलं. "तुमी बसा आत्या. लई सोसलंय तुमी. आधी तुमाला." खुर्चीत बसवून हातात वाटी दिली. बाया बघत राहिल्या, एकीने डोळे पुसले. तुझी आई वाटी खाली ठेवून घरी आली. त्यानंतर ती विहारात गेलेली नाही.

तुझं दौंडचं भाषण त्याआधीच इथे सगळ्यांच्या मोबाईलवर आलं होतं. हौसरावांच्या घरच्या लग्नात आईने मांडवामागे उभं राहून उष्टं गोळा केलं, त्यावर आपण दिवस काढले, असं तू सांगितलंस. टाळ्या पडल्या. परवा चौकात हौसराव म्हणाले, "खंडू, आमच्या लग्नातलं जेवान तुझ्या पोराला आजून पुरतंय व्हय?" माणसं हसली. मीही हसलो.

तुला हे सांगायचं नाही, असं तिने मला बजावलं होतं. त्या दिवशी घरात भाकरी होती. वांग्याचं कालवण होतं. तू जिलेबीसाठी भुईवर लोळत होतास. मी तुला एक लगावली, तर ती माझ्यावरच चिडली आणि पदराखाली वाडगं घेऊन गेली. उष्ट्या ताटांतली जिलेबी आणली, धुतली आणि तुझ्यापुढे ठेवली. धुतल्यावर काय गोडी राहते, तरी तू खाल्लीस. जन्मात एकदाच गेली ती, आणि तेही तुझ्या हट्टापायी.

ती म्हणते, लहान होता, विसरला असंल. पण त्या वाडग्याची चेपलेली कडसुद्धा तू भाषणात सांगितलीस. मग जिलेबी कशी विसरलास?

लोकांसमोर माझं काय सांगायचं ते सांग. मी दारू प्यायचो तेही सांग. तिचं सांगू नको.

गाडी पाठवू नको. पातळाचं मी तिच्या कानावर घातलेलं नाही.

पत्राच्या शेवटी आईचे आशीर्वाद लिहायची आपली रीत. तुला पत्र लिहितोय एवढं तिला माहीत आहे. काय लिहू म्हणून विचारलं, तर चुलीकडे तोंड करून म्हणाली, "तुमचं तेवढं लिव्हा."

तेवढंच लिहितो.

तुझा बाप,
खंडू