ढोलीतली मादी

९ मार्च

झाडावर लाल फुली मारली! रस्ता रुंद करायचाय म्हणे. आणि नेमकं तेच झाड — ज्याच्या ढोलीत धनेशाची मादी पिल्लं घेऊन बसलीय. ढोलीचं तोंड लिंपून तिने स्वतःला आत कोंडून घेतलंय. चोच मावेल एवढी फट, तिथून नर फळं भरवतो. या दिवसांत तिची पिसं झडलेली असतात. उडताच येत नाही बिचारीला.

आणि ठेकेदार कोण? माझा सख्खा दादा!

१० मार्च

दादाच्या ऑफिसात गेले. म्हटलं, थोडं थांब, पिल्लं उडून जाऊ देत. हसला! "बये, तुझ्या पाखरांना विचारून रस्ते करू का?" वर चहा मागवला. तसाच टाकून निघून आले. डोकं फुटेल असं वाटत होतं.

११ मार्च

वनाधिकाऱ्यांनी ऐकलं. उद्या दुपारपर्यंत तोड थांबवायचा आदेश निघेल. खुशीत आईला फोन केला. ती राहते दादाकडे. म्हणाली, "अगं, घरचं भांडण चव्हाट्यावर कशाला?"

जंगल काय आपल्या घरचं आहे?

१२ मार्च

पाडलं. सकाळीच.

१३ मार्च

काल लिहवेना.

पोचले तेव्हा झाड आडवं झालेलं. ढोली चिरलेली. दोन्ही पिल्लं मेली होती. मादी जिवंत — उघडीबोडकी, बुंध्याला चिकटून. टॉवेलात गुंडाळून आमच्या पक्षी-केंद्रात आणली. डॉक्टर म्हणाले, पंख शाबूत आहेत, बघू.

आणि तो नर! शेजारच्या झाडावर चोचीत फळ धरून बसलेला. उतरायचा, ढोली शोधायचा, पुन्हा वर. मशीनवाला म्हणतो, "मॅडम, मी हुकमाचा ताबेदार." मग हुकूम देणारा दादा कुठेय? दुपारपर्यंत दम निघाला नाही त्याला? त्याच्या कानात आदेशाचं कुणी फुंकलं? वनखात्याच्या ऑफिसातलाच कुणी फितूर असणार. सापडू दे, सोडणार नाही!

१९ मार्च

वनखात्याची चौकशी सुरू. दादा साळसूदपणे म्हणाला, "आदेश येणार हे मला माहीतच नव्हतं. माहीत असतं तर झाडाला हात लावला असता का?" मशीनवाल्याची तर दातखीळ बसलीय. साक्षीदार कोण? कुणीच नाही. सुटणार हा! बाहेर माझ्या खांद्यावर हात ठेवायला आला. झटकला.

२१ मार्च

आज चौकशीच्या खोलीत आई आली. कुणी बोलावलं नव्हतं. खुर्ची दिली तरी बसली नाही.

"आदेशाचं याला मीच सांगितलं," म्हणाली. "वाटलं, थांबेल. यानं माझ्यासमोर मशीनवाल्याला फोन लावला — दुपारच्या आत पाड म्हणून."



आता आई माझ्याकडे आहे. कपड्यांची पिशवी घेऊनच आली होती.